अनुभव धागा: तुमचा लाडका पावा, बासरी नाहीतर टिन व्हिसल

लातूर (धागा सुरू करणारा)

गेल्या एकादशीला भर अभंगात आमच्या पखवाजवाल्या काकांनी हात थांबवला. म्हणाले, "मास्तर, ती शिट्टी ठेवा खाली. मला विठ्ठलाच्या जागी कंडक्टर दिसायलाय."

ती शिट्टी म्हणजे माझी टिन व्हिसल. भाच्यानं आयर्लंडहून आणलेली. वीतभरापेक्षा थोडी मोठी पितळी नळी, सहा भोकं, वर प्लॅस्टिकचं तोंड. सगळी भोकं झाकली की पेटीच्या पांढरी दोनचा स्वर. आपल्या बासरीच्या सवयीनं वरची तीन झाकून सा धरला, तर तो पांढरी पाचचा होतो, आणि सगळी बोटं उचलली की तीव्र मध्यम. म्हणजे यमन राग आपसूक. शुद्ध मध्यमासाठी बासरीत पहिलं भोक अर्धं उघडावं लागतं, ती कसरत इथं नाही. भोकं इतकी बारीक की पहिलं उघडून पुढची दोन झाकली तरी भागतं. मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, मात्र तोकडीच. आणि वरचं सप्तक जोर लावल्याशिवाय येत नाही. जोर लावला की कंडक्टर.

आमच्याकडं खरी पंचाईत मे महिन्यात. हवा तापली की फुंकीच्या वाद्याचा स्वर चढतो, पेटी बिचारी जागची फारशी हलत नाही. स्वर उतरवायचा तर प्लॅस्टिकचं तोंड थोडं बाहेर ओढावं लागतं, पण नळी त्या तोंडाला घट्ट चिकटवलेली होती. शेवटी ग्लासभर गरम पाण्यात ते तोंड बुडवलं, फडक्यात धरून पिळलं, कट्ट् झालं आणि सुटलं. (बायकोला वाटलं दात पडला.) आता मेमध्ये सूतभर बाहेर ओढतो, डिसेंबरात पुन्हा आत दाबतो. तेव्हापासून ती माझी झाली.

तुमची कोणती? किंमत सांगू नका, खोड सांगा.

लोहा, जि. नांदेड

माळेगावच्या यात्रेतला पावा. खंडोबाचं दर्शन झालं, घोडे बघितले, गाढवं बघितली, उंटाशेजारी एक जण खांद्यावर बासऱ्यांचं झाड घेऊन उभा. वीस रुपये म्हणला, पंधराला दिला. टोकाला चोच, आत लाकडाची गट्टू, तोंडात धरून नुसतं फुंकायचं. आमचे आजोबा ह्याला अलगूज म्हणायचे.

पाचवं भोक चुकून खाली गेलंय, त्यामुळं तो एक स्वर कायम उतरलेला. मी त्या वेळी थोडं जास्त फुंकतो. पंधरा वर्षं झाली. मागच्या साली एका चांगल्या कारागिराची बासरी घेतली, सगळे स्वर जागच्या जागी, अन् मीच त्या स्वरावर जोर लावून चढा व्हायलो! शेरडं राखताना अजून तोच पावा कमरेला असतो. गट्टू सैल झाली की मधाच्या पोळ्याचं मेण लावतो.

परभणी

माझी पीव्हीसीची. वायरिंगच्या पाईपची. कृषी विद्यापीठाच्या होस्टेलवर असताना बनवली. आधी तापल्या सळईनं भोकं पाडली, खोलीभर असा वास सुटला की शेजारचा उठून पळाला. मग ड्रिल मागून आणलं. आवाज ठीकठाक. पण फुटत नाही, तडकत नाही, आणि एकदा तिच्यानं कूलरचा अडकलेला पंखाही फिरवलाय.

अंबाजोगाई

वडिलांची बासरी. आसामातल्या सिल्चरकडचा बांबू, दोन गाठींमधलं अंतर लांब असतं म्हणून बासरीवाले तोच शोधतात. वडील बासरीवादक पन्नालाल घोषांचे भक्त. घोषांनी (१९११–१९६०) बासरी लांब आणि जाड केली, आणि तिला सातवं भोक दिलं. वडिलांच्या बासरीलाही सातवं भोक आहे. माझी करंगळी तिथपर्यंत पोचत नाही.

ती गेल्यावर, म्हणजे वडील गेल्यावर, (बासरीबद्दल लिहिते तसंच लिहून गेले) मी ती धाराशिवला एका लग्नात नेली. गाडी उन्हात, बासरी मागच्या काचेखाली. संध्याकाळी उघडते तर फुंकीच्या भोकापासून पहिल्या बोटापर्यंत केसाएवढी चीर. फुंकलं तर नुसती हवा. मी तिथं मांडवात रडले, लोकांना वाटलं मुलीकडची आहे.

एका सुतारानं वाचवली. चिरेत बारीक भुसा आणि गोंद भरला, वरून मेण लावलेला रेशमी दोरा ओढून ओढून गुंडाळला. दोरा गर्द लाल. आतून मोहरीचं तेल. आता मंद्र पंचम पहिल्यापेक्षा किंचित खरखरतो. वडिलांचाही आवाज शेवटी तसाच होता. दुसरी कोणी लाख रुपयांची दिली तरी घेणार नाही.

छत्रपती संभाजीनगर

वरच्या ताईंची चीर वाचून एक सांगतो. माझी लाडकी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची लो व्हिसल, नेहमीच्या टिन व्हिसलहून एक सप्तक खाली. तिचा जन्मच मोडलेल्या भारतीय बासरीतून झालाय. आयरिश वादक फिनबार फ्युरी यांच्याकडं भारतातली बांबूची एक व्हिसल होती, ती दौऱ्यात मोडली. इंग्लंडचे बर्नार्ड ओव्हरटन यांना ती दुरुस्त होईना, म्हणून १९७१च्या सुमारास त्यांनी धातूची करून दिली. त्यातून हे वाद्य उभं राहिलं. भोकं इतकी लांब लांब की बोटांची टोकं पुरत नाहीत, पेरांनी झाकावी लागतात. पहिले दोन महिने मला वाटलं हात परत करावेत. थंडीत सकाळी आत वाफ धरते आणि गळा बसतो. मी ती आधी काखेत धरून गरम करतो. बायको म्हणते थर्मामीटर.

जालना

१८४३पासून इंग्लंडात बनते ती क्लार्क टिन व्हिसल. पत्रा गुंडाळून केलेली, तोंडाकडं रुंद, खाली निमुळती, आत लाकडी ठोकळा. तोंडात खूप हवा खाते, म्हणून दम्याच्या माणसानं घेऊ नये. मी दम्याचा आहे. घेतली.

लातूर

ते कंडक्टरवाले काका मीच. मास्तर, लिहिलंत ते लिहिलंत. शनिवारी शिट्टी आणा, मी काही बोलत नाही.

बुवा काळी एकला गाणार हायत, तुमच्या पांढरी पाचला न्हाई.