शिमला: चढ, बोगदे आणि माकडं – तुमचे अनुभव लिहा

मे महिन्यात आईबाबांना घेऊन शिमल्याला जायचं ठरतंय. बाबांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून धाकधूक आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, ती कुठेही मिळते. काय फसलं, काय लक्षात राहिलं ते सांगा.

*

गुडघे म्हणालात म्हणून लिहिते. आमचं हॉटेल मालरोडपासून 'पाच मिनिटांवर' होतं. होतं खरं, पण ती पाच मिनिटं उभ्या चढाची. मालरोडवर पर्यटकांच्या गाड्या येत नाहीत. खालच्या कार्ट रोडवरून वर यायला लिफ्ट आहे; रांग लागते, तरी तीच धरा. सासूबाई पहिल्या दिवशी हट्टाने पायऱ्या चढल्या आणि पुढचे दोन दिवस खिडकीतून देवदार बघत बसल्या. म्हणाल्या, 'इतक्या उंचावर राजधानी करायला इंग्रजांना सांगितलं कोणी?'

*

उकाड्याने, दुसरं कोणी! १८६४ पासून कलकत्त्याचं सरकार दर उन्हाळ्यात फायली, कारकुनांसकट सुमारे २२०० मीटरवर चढायचं, तेही गाडी नसताना. रेल्वे आली १९०३ मध्ये. व्हाइसरॉयचा १८८८ चा वाडा मात्र चुकवू नका, आता तिथे उच्च अध्ययन संस्था आहे. बहुतेक लोक हिरवळीवर फोटो काढून परततात. तिकीट काढून आत जा, व्हाइसरॉय आणि भारतीय नेत्यांच्या १९४५ च्या शिमला परिषदेचे फोटो आहेत.

*

काल्क्याहून छोट्या रेल्वेगाडीनेच जा. ९६ किलोमीटरला पाचेक तास लागतात, घाई असेल तर चिडचिड होईल. लेकीने वहीत बोगद्यांच्या रेघा मारायला घेतल्या. बडोगचा ३३ नंबरचा किलोमीटरभराहून लांब. अंधार झाला आणि अख्खा डबा एकसुरात ओरडला. पुढे ती झोपली, हिशेब माझ्याकडे आला. शेवटच्या बोगद्यावर लिहिलेला आकडा १०३, आणि प्रत्यक्षात बोगदे १०२. 'बाबा, तू एक खाल्लास' हे अजून ऐकतोय.

*

माकडांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? जाखू टेकडीवरच्या देवळापाशी माकडाने माझा चष्मा पळवला. कठड्यावर बसून ते निवांत काडी चावत होतं. एका पोराने फुटाण्याची पुडी भिरकावली, तेव्हा कुठे चष्मा खाली पडला. काचा वाचल्या, काडी गेली. तिथला १०८ फुटी मारुती मी धूसरच पाहिला.

*

बाबांना सगळं वाचून दाखवलं. आता गुडघ्यांपेक्षा चष्म्याची काळजी जास्त लागलीये. त्या लिफ्टमधून व्हीलचेअर कुणी नेली आहे का?