मदत हवी आहे: साथीच्या काळात गटकर्जाचे हप्ते पुढे ढकलून मिळतात का?

नमस्कार. मी नाशिकला सातपूर भागात राहते आणि आमच्या वस्तीतील दहा महिलांच्या कर्जगटाची प्रमुख आहे. यंदा पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली आणि गटातील चौघींच्या घरी एकापाठोपाठ एक माणसे आजारी पडली. भाजीची हातगाडी आणि धुणीभांडी यांवर चालणाऱ्या या घरांची रोजची मिळकत थांबली, औषधपाण्याचा खर्च मात्र वाढला. सामूहिक हमीमुळे एकीचा थकलेला हप्ता बाकीच्यांनी भरायचा असतो. एखादीच अडचणीत असेल तर ते निभावते, पण साथीत हमी देणाऱ्याच अंथरुणाला खिळतात, आणि दोन महिने आम्ही तेच सोसत आहोत.

कोरोनाच्या वेळी रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा कर्जसंस्थांना दिली होती, अर्थात व्याज चालूच राहिले. एका भागापुरत्या साथीसाठी अशी घोषणा होत नाही. मात्र २०२२ च्या सूक्ष्मकर्ज नियमांनुसार परतफेडीत अडचण असलेले कर्जदार ओळखून त्यांना उपलब्ध मार्ग सांगण्याची व्यवस्था प्रत्येक संस्थेकडे असायला हवी. आमचे वसुली अधिकारी त्याबद्दल काहीच बोलत नाहीत.

हप्ते पुढे ढकलण्याचा अर्ज संस्थेच्या शाखेत करावा की थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे? उपचार घरीच झाले असतील तर कोणता पुरावा चालतो? मुदत वाढवून घेतल्यास पुढील कर्जावर परिणाम होतो का? ज्यांनी असा अर्ज केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे; पुढचा हप्ता सोमवारी आहे.