संयुक्त परिवहन नियोजनात अंतिम शब्द कोणाचा असावा?

मूळ मांडणी
माणसे राहतात एका नगरपालिकेत आणि कामाला जातात दुसरीत. बसची फेरी मात्र हद्दीपाशी संपते आणि पुढच्या प्रवासाला वेगळे तिकीट काढावे लागते. यावर संयुक्त समिती नेमणे हा नेहमीचा उपाय आहे. अमेरिकेत १९६२ च्या महामार्ग कायद्याने ५० हजारांहून अधिक वस्तीच्या नागरी भागांत असे सामायिक नियोजन केंद्रीय निधीसाठी सक्तीचे केले. तरीही माझे ठाम मत आहे की, जिच्याकडे स्वतःचा पैसा नाही आणि जिचा ठराव सदस्यांवर बंधनकारक नाही, ती समिती केवळ आराखडे तयार करत राहते. अटलांटाचे उदाहरण पाहावे. १९७१ मध्ये परिवहनासाठी एक टक्का विक्रीकराचा प्रस्ताव तिथल्या चार काउंटींच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांच्या) मतदारांपुढे आला. फुल्टन आणि डीकॅल्बने तो स्वीकारला, क्लेटन आणि ग्विनेटने फेटाळला. क्लेटन त्या कराच्या संयुक्त परिवहन व्यवस्थेत आली २०१४ साली. त्याआधी, २०१० मध्ये, तिने स्वतःची बससेवाही बंद केली होती, आणि ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना नोकरीवर पोहोचणेच कठीण झाले. त्या माणसांची बाजू कोणत्या सभेत मांडली गेली?

प्रतिसाद १
आपली कळकळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. क्लेटनच्या मतदारांनी १९७१ मध्ये चूक केली असे मीही म्हणेन, कारण त्या नकारामागे वांशिक भीतीही होती. परंतु २०१४ मध्ये त्याच काउंटीने स्वतः मतदान करून कर स्वीकारला, हे विसरून चालणार नाही. सक्ती केली असती, तर पहिल्याच मंदीत तो कर रद्द करण्याची मागणी पुढे आली असती. शिवाय सहकार्यासाठी अधिकार काढून घ्यावेच लागतात असे नाही. जर्मनीतील हॅम्बुर्गचा परिवहन संघ १९६५ मध्ये परिवहन चालवणाऱ्या संस्थांनीच आपसातील कराराने उभारला, आणि सामायिक तिकिटाचे उत्पन्न कसे वाटायचे हेही करारानेच ठरले. लहान नगरपालिकेला खरी धास्ती असते ती मतांच्या वजनाची: लोकसंख्येनुसार मते दिली तर मोठे शहर सगळे ठराव जिंकते, आणि प्रत्येकी एक मत दिले तर मोठ्या शहरातील प्रवाशावर अन्याय होतो.

मूळ लेखकाचे उत्तर
मतांच्या वजनाचा मुद्दा अवघड आहे आणि त्याला सर्वत्र चालेल असे उत्तर माझ्याकडे नाही. पण हॅम्बुर्गमधील करार तिकिटापुरता पुरेसा होता. तोट्यातील फेरी कोणाच्या खर्चाने चालवायची, हे करार सांगत नाही. फ्रान्समध्ये ११ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांकडून वेतनाच्या प्रमाणात परिवहन कर घेता येतो आणि तो स्थानिक परिवहन प्राधिकरणाला मिळतो. त्यामुळे दर अंदाजपत्रकाच्या वेळी शेजाऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही.

प्रतिसाद २
इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टरमध्ये १० नगरपालिकांचे संयुक्त प्राधिकरण २०११ मध्ये स्थापन झाले, पण बसचे मार्ग आणि भाडे ठरवण्याचा अधिकार त्याला २०१७ च्या कायद्यानंतरच मिळू शकला, आणि प्रत्यक्ष ताबा सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने आला. म्हणजे नगरपालिका एकत्र आल्या तरी वरच्या सरकारने कायदा करेपर्यंत बस खाजगी कंपन्यांच्याच हाती होत्या. आपण दोघेही नगरपालिकांच्या आपसातील वादात गुंतलात. मला तरी मूळ अडचण त्यांच्या वरच्या पायरीवर दिसते.