जुनी ७०–३०० झूम: ३०० ला फोटो मऊ, आत धूळ, आणि लेन्स आपोआप लांब होते. उघडू का?

रानवाट

नमस्कार मंडळी. मामाने त्याची जुनी ७०–३०० मिमी लेन्स मला देऊन टाकली. एफ/४-५.६ (आतलं छिद्र जास्तीत जास्त किती उघडतं त्याचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), स्टॅबिलायझरवाली, म्हणजे हाताची थरथर सावरणारी. त्याच्या कपाटात चामड्याच्या पाऊचमध्ये पाच-सहा वर्षं पडून होती. माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरचा, क्रॉप १.५ चा (लेन्स दीडपट लांब असल्यासारखी वागते). आजवर फक्त किटमधली १८–५५ वापरलेली, त्यामुळे एवढी लांब लेन्स हातात आल्यावर पहिले दोन दिवस मी दिसेल त्या पक्ष्यामागे पळत होतो.

आता तक्रारी. ७० पासून २०० पर्यंत फोटो मस्त येतात, पण ३०० ला नेलं की चित्रावर साय धरल्यासारखं दिसतं. डोळा कुठला, पीस कुठलं, काही सुटं कळत नाही. दुसरं म्हणजे मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून बघितलं तर आत भरपूर धूळकण, आणि एका कडेला बारीक पांढरा धागा. आणि कॅमेरा गळ्यात अडकवून चालायला लागलो की लेन्स हळूहळू सोंडेसारखी खाली लोंबते.

एका व्हिडिओत एक जण दहा मिनिटांत अशी लेन्स उघडून, पुसून परत बंद करतो. घरात बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आहे. रविवारी बसू का? पुढे मामाचाच यूव्ही फिल्टर (पुढच्या काचेवर आट्यांनी बसणारी संरक्षक काच) आहे, तो इतका घट्ट बसलाय की निघत नाही, म्हणून तसाच ठेवलाय.

चिमटा

बसा की. बंद केल्यावर जे स्क्रू उरतील त्यांचा फोटो इथे टाका. फक्त तो किटच्या १८–५५ ने काढा, कारण दुसरी लेन्स तेव्हा नसेल.

जुनी रीळ

चिमटा चेष्टा करतोय, मी करत नाहीये. उघडू नका. मी उघडली होती, त्याची गोष्ट आधी सांगते.

माझी एक १८–५५ होती. ३५ च्या आसपास झूम केलं की कॅमेरा एरर दाखवायचा, १८ ला आणि ५५ ला बिनतक्रार चालायची. मला वाटलं आत कुठेतरी धूळ अडकली असणार. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला आणि सुरू केलं. पहिल्याच स्क्रूला ड्रायव्हर घसरला. जपानी लेन्सचे स्क्रू दिसायला साधे प्लस असतात, पण त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मापाची. आपला फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. तरी नेटाने चारही काढले. मागचा माउंट उचलला, जरा अडकल्यासारखा वाटला, म्हणून अजून थोडा ओढला. टच्. एवढाच आवाज. आत फिल्मच्या तुकड्यासारखी एक पातळ तपकिरी पट्टी असते, फ्लेक्स केबल. अपर्चरला, म्हणजे उजेडाच्या छिद्राला, वीज आणि हुकूम तिच्यातूनच जातात. झूम फिरवताना दर वेळी तिची घडी पडते आणि उलगडते. माझा मूळ बिघाडही तिथलाच होता: वर्षानुवर्षं घडी पडून ती एका जागी चिरली होती आणि ठरावीक फोकल लेन्थलाच (झूमच्या मिमीतल्या आकड्याला) तिचा संपर्क तुटत होता. मी तो कायमचा तोडला. ती लेन्स अजून आहे. अपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर फोटो निघतो, एफ/८ केलं की एरर.

शिवाय काही काचगटांखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतात, काही गट तिरकस कॉलरवर बसवून जागेवर जुळवलेले असतात. पुसून परत लावताना ते केसभर इकडचे तिकडे झाले की फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ. ते घरच्या टेबलावर परत जुळत नाही. व्हिडिओतला माणूस ते दहा मिनिटांत दाखवतो, कारण कट मारलेत.

आता तुमच्या लेन्सकडे. आतली धूळ विसरून जा, खरंच. पुढच्या काचेजवळचा कण सेन्सरवर फोकस होऊच शकत नाही, त्यामुळे तो चित्रात दिसत नाही. फार तर थेट उन्हाकडे तोंड केलं की कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो. मागच्या काचेवरची धूळ मात्र जास्त त्रास देते, आणि तिथे ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) पोचतो. आकाशात काळे ठिपके दिसत असतील तर एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा, मग लेन्स बदलून दुसरा. ठिपके त्याच जागी राहिले तर ते सेन्सरवरचे, लेन्सचा काही दोष नाही.

३०० च्या सायीबद्दल मला पहिला संशय त्या न निघणाऱ्या फिल्टरचा आहे. साधा फिल्टर ७० ला कळतही नाही. ३०० ला त्याची काच जरा वेडीवाकडी असली तरी ते मोठं होऊन दिसतं. वर पाच वर्षं चामड्यात राहून त्यावर धुरकट थर चढला असेल. आधी तो काढा. आणि हो, शटर स्पीड काय ठेवताय?

रानवाट

शटर स्पीड ऑटोवरच, बहुतेक १/१६० सेकंद वगैरे. स्टॅबिलायझर चालू आहे म्हणून काळजी केली नाही.
फिल्टर काढायला पक्कड लावू का?

जुनी रीळ

पक्कड!! नको हो. फिल्टरची कडा पातळ असते. चिमटीत दाबली की गोल रिंग लंबगोल होते आणि आटे अजूनच अडकतात. सगळे हीच चूक करतात, दोन बोटांनी कचकचून धरतात.

रबरी चपलेचा तळवा स्वच्छ धुऊन कोरडा करा. लेन्स टेबलावर उभी, फिल्टर वर. तळवा फिल्टरच्या धातूच्या कडेवर सपाट टेकवा, काचेवर जोर नको, आणि हलक्या हाताने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. दाब सगळीकडे सारखा पडतो, म्हणून रिंग वाकत नाही. दुसऱ्या हाताने लेन्सचा पुढचा, बाहेर येणारा भाग धरायचा. मागून कॅमेऱ्याजवळ धरलंत तर सगळा पीळ फोकस आणि झूमच्या यंत्रणेवर जातो.

तिपाई

१/१६० ला ३०० मिमी, तेही क्रॉपवर? मग फिल्टर बिचाऱ्यावर आळ कशाला. जुना हिशोब असा की शटर किमान फोकल लेन्थएवढं, म्हणजे एक भागिले फोकल लेन्थ. ३०० गुणिले १.५ म्हणजे ४५०, म्हणजे १/५०० च्या खाली जायचंच नाही. स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो, पक्ष्याची मान नाही. चिमणी एका सेकंदात चार दिशांना बघते. पक्ष्यांना मी १/१००० च्या खाली येत नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. दाणे आलेला फोटो वाचवता येतो, हललेला नाही येत. स्टॅबिलायझर लावला असेल तर शटर अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबा, मग पूर्ण दाबा. जुनी लेन्स तिपाईवर चढवली की तो बंद करा, नाहीतर नसलेली थरथर शोधत स्वतःच हलतो.

अजून एक विचारतो. तुम्ही ७० ला पक्षी शोधून, फोकस लावून, बटण तसंच अर्धं दाबून ३०० ला जाता का? मी कित्येक महिने तेच करायचो. सिनेमाच्या महागड्या झूममध्ये फोकल लेन्थ बदलली तरी फोकस जागेवर राहतो. आपल्या फोटोच्या झूम बहुतेक तशा नसतात, झूम हलला की फोकसही थोडा सरकतो. म्हणजे ३०० ला पोचल्यावर बोट उचलायचं आणि फोकस नव्याने लावायचा. झूम हा प्रकारच तडजोडीचा आहे. ३५ मिमी स्थिरचित्राच्या कॅमेऱ्यांसाठी पहिली झूम १९५९ साली आली, फोक्टलेंडरची झूमार, ३६–८२ मिमी एफ/२.८. तेव्हापासून तक्रार हीच आहे की एका टोकाला लाड केले की दुसरं टोक रुसतं. टेलि झूम साधारणपणे लांबच्या टोकाला रुसतात. एफ/८ ला न्या, बराच रुसवा जातो. एफ/१६ पर्यंत मात्र जाऊ नका, तिथे डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच पुन्हा मऊ होतं.

आणि भर दुपारी लांबचं काही काढत असाल तर तापलेल्या जमिनीवरची हवा उकळत असते. त्याला कुठलीच लेन्स पुरी पडत नाही. सकाळी काढा.

बाकी फिल्टर काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पुढची काच फुटली की कोण देणार?

जुनी रीळ

तिपाईंचा शटरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, मी तो आधी विचारायला हवा होता. फिल्टरवर आमचं कधीच जमणार नाही. मी हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची आडोशाची नळी, लावते. लेन्स आपटली तर आधी प्लास्टिकचा हूड मार खातो, वर तिरपा उजेडही अडतो. फक्त पाकळ्यांचा हूड झूमच्या रुंद टोकाच्या हिशोबाने कापलेला असतो, त्यामुळे लांब टोकाला तो हवी तेवढी सावली देत नाही. तिथे मी डाव्या हाताची सावली धरते. समुद्राजवळ किंवा वाळू उडत असेल तेव्हा मात्र फिल्टर मीही लावते, तेवढं मान्य.

रानवाट, भांडण मिटवायचं असेल तर चाचणी घ्या. छापील मजकुराचं पान भिंतीला चिकटवा. कॅमेरा पानाला अगदी समोरासमोर, तिपाईवर, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. ३०० ला एफ/५.६ आणि एफ/८, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. चार फोटो. मध्यभाग आणि चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून बघा.

रानवाट

चप्पल चालली! तिसऱ्या प्रयत्नात कर्र आवाज करत फिल्टर फिरला. उजेडात तिरपा धरला तर आतल्या बाजूला, जिथे माझं कापड कधी पोचलंच नसतं तिथे, धुक्यासारखा थर. त्यातून मामा जग बघत होता.

चाचणीचा निकाल. फिल्टरसह एफ/५.६ ला अक्षरांच्या भोवती फिकट सावली, 'ष' आणि 'प' मधला फरक कळत नाही. फिल्टर काढून त्याच सेटिंगला अक्षरं सुटी झाली. एफ/८ ला 'ष' च्या पोटातली तिरकी रेघ स्वच्छ. चारही कोपरे सारखे. मग बाहेर जाऊन १/१००० ला पक्षी काढले. पंधरातले सहा चांगले, आधी वीसातला एक यायचा. म्हणजे तिपाईंचा मुद्दाही खरा आणि ७० ला फोकस लावून पुढे जाण्याचा गुन्हाही मी करतच होतो.

आता धागा राहिला. ती बुरशी आहे का?

जुनी रीळ

सुटा वाकडा केस असेल तर कापडाचा तंतू. मुळासारखे फाटे फुटले असतील, कडेपासून आत सरकत असेल, तर बुरशी. आज टॉर्च ठरावीक कोनात धरून मोबाईलने फोटो काढून ठेवा, महिन्याने त्याच कोनात पुन्हा. तंतू वाढत नाही. वाढलेला दिसला तर लेन्स दुरुस्ती करणाऱ्याकडे लगेच न्या, कारण बुरशीच्या आम्लाने काचेचं कोटिंग खरवडलं जातं आणि ते पुसून परत येत नाही.

चामड्याचं पाऊच मामांना परत द्या. चामडं ओल धरून ठेवतं, आणि आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला तेवढं पुरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. फार कोरडंही नको. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात. आणि लेन्स डब्यात कोंडून ठेवू नका, वापरा. माझ्या ज्या लेन्स सतत बाहेर असतात त्यांना कधी बुरशी लागली नाही.

एक सवय लावून घ्या. झूम लांब केल्यावर आतली नळी बाहेर येते, तिच्यावर धूळ किंवा पावसाचे थेंब बसतात. झूम आत घेण्याआधी ती कोरड्या कापडाने पुसायची. न पुसता आत घेतलीत तर ते सगळं तुम्हीच आत ढकलता. झूम लांब करताना लेन्स हवा आत ओढते, आखूड करताना बाहेर सोडते, तुमची धूळ आली ती अशीच. कधी वाळू गेली आणि रिंग खसखसली तर फिरवायचं तिथेच थांबवा आणि आधी ब्लोअर मारा.

रानवाट

आणि सोंड?

जुनी रीळ

हां, ती राहिलीच. पुढच्या काचांचं वजन आणि वापराने सैल झालेली पकड, एवढंच आहे ते. फोटोच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. बॅरलवर लॉकचं बटण असेल तर ते बहुतेक ७० लाच लागतं, चालताना तेवढं बास. नसेल तर रुंद रबरी मनगटपट्टा घ्या. मी सगळ्यात जास्त फसले ती तिपाईवर. एका १८–२०० ला ५० मिमीवर आकाशाकडे तोंड करून आठ सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. तेवढ्यात लेन्स आपल्याच वजनाने थोडी आत बसली आणि फोटोत सगळे तारे मधल्या बिंदूकडे पळत सुटल्यासारखे आले. पट्टा अर्धा झूम रिंगवर आणि अर्धा मागच्या स्थिर भागावर चढवा. पूर्ण रिंगवरच गुंडाळलात तर तो रिंगबरोबर फिरेल आणि काही उपयोग होणार नाही.