रिबन स्पीकरला ॲम्प्लिफायर: वॉट मोजायचे की अँपिअर?

टोरॉइडवाला

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका मित्राने मॅग्नेप्लॅनर ३.६ या स्पीकरची जुनी जोडी घेतली आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: खोकं नाही, कागदी कोन नाही, जवळजवळ सहा फूट उंच सपाट फळ्या उभ्या असतात. खालचा आणि मधला आवाज ताणलेल्या मायलरच्या पडद्यातून येतो. त्या पडद्यावर तार आणि धातूच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि शेजारी चुंबकांच्या रांगा. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा भाग, मात्र अस्सल रिबन, साडेचार फूट लांबीची, केसाहून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी. बोट लावलं तर सराफ्यातल्या मिठाईवरच्या वर्खासारखी चुरगळेल.

हे सगळं तो चालवतो होम थिएटर रिसीव्हरवर. खोक्यावर लिहिलंय सात चॅनल, प्रत्येकी १०० वॉट. आवाज जरा चढवला की आतून 'टक्' असा रिले (ॲम्प वाचवायला जोडणी तोडणारा स्विच) पडतो आणि सगळं चिडीचूप. आता एका दुकानदाराने त्याच्या गळ्यात व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा, महागडा ॲम्प मारायचा घाट घातलाय, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. खोक्यावरचे वॉट ८ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध) असतात आणि बहुतेक वेळा दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेले असतात. हे स्पीकर ४ ओहमचे. २० व्होल्ट दिले तर ८ ओहममध्ये अडीच अँपिअर जातात, म्हणजे ५० वॉट. त्याच २० व्होल्टला ४ ओहम पाच अँपिअर ओढतो, म्हणजे १०० वॉट. तेवढे अँपिअर पुरवायची ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि हीटसिंकची ऐपत नसेल तर 'टक्' होणारच. तेव्हा माहितीपत्रकात ८ आणि ४ ओहमचे आकडे शेजारी शेजारी बघा. १०० चे २०० होत असतील तर ॲम्प खानदानी. १०० चे १३० होत असतील तर नाव मोठं, लक्षण खोटं. मागच्या बाजूला 'किमान ६ ओहम' छापलं असेल तर दुकानातून नुसता नमस्कार करून निघा.

१९८० च्या दशकात अपॉजी कंपनीचा सिंटिला नावाचा रिबन स्पीकर होता, १ ओहमचा. भलेभले ॲम्प त्याच्यापुढे गुडघे टेकायचे. क्रेलच्या ॲम्प्लिफायरचं नाव झालं ते असल्या ओझ्याखाली न डगमगल्यामुळेच. मित्राला मी सांगितलंय: जुना का असेना, वजनदार क्लास ए (काही वाजत नसतानाही पूर्ण करंट वाहता ठेवणारा) किंवा एबी (रिकामा असताना कमी करंट खाणारा) घे, ४ ओहमला निदान २०० वॉटचा. उचलताना कंबर धरली नाही तर तो ॲम्प रिबनच्या कामाचा नाही.

ओहम_शांती

निष्कर्ष अर्धा पटला, कारण अजिबात पटलं नाही.

ॲम्प करंट ढकलत नसतो. तो व्होल्टेज देतो, करंट स्पीकर ओढतो, आणि किती ओढायचा ते ओहम ठरवतात. जाहिरातीत '६० अँपिअर पीक करंट' असं ठळक छापतात. ४ ओहममधून ६० अँपिअर जायला २४० व्होल्ट लागतील. म्हणजे घरातल्या प्लगमध्येच स्पीकर खुपसायचा का?

दुसरं, सिंटिलाची भुताटकी मॅग्नेप्लॅनरच्या मानगुटीवर बसवू नका. १ ओहम ही वेगळीच जात. ३.६ चं ओझं चारच्या आसपास, बऱ्यापैकी सपाट आणि जवळपास शुद्ध रेझिस्टिव्ह. त्यात व्होल्टेज आणि करंट हातात हात घालून चालतात. याउलट खोक्यातले कित्येक स्पीकर बेसला तीन ओहमवर येतात आणि तिथेच फेज (व्होल्टेज आणि करंटची जुळणी) ४५ अंश सरकलेली असते. आउटपुट ट्रान्झिस्टरना खरा घाम तिथे फुटतो.

रिबनची अडचण ओहमची नाही, संवेदनशीलतेची, म्हणजे दिलेल्या व्होल्टेजला किती आवाज निघतो त्याची आहे. याचा आकडा ८६ डेसिबल, पण तो २.८३ व्होल्टला. ४ ओहममध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट. एका वॉटला ८३ च धरा. आता गणित: दोन स्पीकर, तीन मीटरवर खुर्ची. अंतरात जाते ते वजा आणि दुसऱ्या स्पीकरचे मिळवून खुर्चीपाशी २.८३ व्होल्टला ८४ च्या आसपास पडतात. ख्याल ऐकताना सरासरी ७८ डेसिबल पुष्कळ झाली. तबल्याची थाप त्याच्यावर १८ ने उडाली तरी ९६. म्हणजे वर १२ डेसिबल हवे, व्होल्टेज चौपट, ११.३ व्होल्ट. वॉटमध्ये ३२.

बत्तीस! त्यासाठी कंबर कशाला धरायची?

टोरॉइडवाला

मग १०० वॉटचा रिसीव्हर बंद का पडतो, ते सांगा ना भिया. कागदावर बत्तीस आणि घरात 'टक्'. मी माझ्या कानाने ऐकलंय.

ओहम_शांती

कारण त्याचं संरक्षण सर्किट ६ ओहमच्या हिशेबाने बेतलेलं असणार आणि सात चॅनलचा संसार एकाच ट्रान्सफॉर्मरवर. तो रिसीव्हर नालायक आहे यावर आपलं एकमत आहे. पण नालायक रिसीव्हरवर उपाय म्हणजे ४ ओहमला नीट चालणारा ॲम्प. तीस किलोची भट्टी नव्हे.

नाना रामबागकर

तुम्हा दोघांच्या अंकगणितात गाणं कुठे आहे? अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला ख्याल लावा. दोन मात्रांच्या मधली ती जागा, तानपुऱ्याची आस, सुराच्या मागे राहणारी हवा... ते ऐकायला लोक रिबन घेतात. इंदूर घराण्याच्या गावात बसून वॉट कसले मोजता?

माझ्या मते ईएल-३४ च्या दोन-दोन नळ्यांचा पुशपुल (एक नळी ढकलते, दुसरी ओढते) व्हॉल्व्ह ॲम्प घ्यावा. चॅनलला पस्तीस-चाळीस वॉट मिळतात, म्हणजे ओहमरावांच्या बत्तिसात बसतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ४ ओहमचा वेगळा टॅप असतो, स्पीकर तिथे जोडायचा. आणि मर्यादा ओलांडली तरी व्हॉल्व्ह हळूच दबतो, ट्रान्झिस्टरसारखा फाडकन तुटत नाही.

व्हॉल्व्हवर नेहमीचा आक्षेप असा की त्याचा आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध) जास्त, त्यामुळे स्पीकरचे ओहम जिथे वरखाली होतात तिथे आवाजही वरखाली होतो. पण ज्याचे ओहम सपाट, त्याच्यावर फरक पडला तर सगळीकडे सारखाच पडणार. हे मी नाही, ओहमचाच नियम सांगतो.

ओहम_शांती

नाना, तुमच्याशी भांडायला सरसावून बसलो होतो, पण इम्पिडन्सचा मुद्दा बिनतोड आहे. भौतिकशास्त्र तुमच्या बाजूने. खिसा कोणाच्या बाजूने ते बघा. त्या प्रतीचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर स्वस्त नसतात, आणि नळ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात.

टोरॉइडवाला

बिनतोड कसला? चाळीस वॉट म्हणजे हिशेबाच्या काठावर उभं राहणं. मोठ्या पडद्याला बेसमध्ये हवा हलवायला दम लागतो. नानांच्या बैठकीत झुमरा छान वाजेल, पण पखवाज लावला की कळेल.

जेलरोड

तुम्ही सगळे कुठल्या काळात आहात? ब्रूनो पुट्झेस या डिझायनरने हायपेक्स कंपनीसाठी एनकोर नावाची क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारी) मॉड्यूल केली. हाताच्या तळव्यावर मावतील एवढी, आणि ४ ओहमला काहीशे वॉट देतात. तापत नाहीत. कंबर धरायची गरज नाही, एका हातात उचलून स्कूटरवरून न्या.

टोरॉइडवाला

क्लास डी म्हणजे सबवूफरचा माल. वरचे सूर वाळूसारखे लागतात. रिबन ट्वीटरला हे जोडणं म्हणजे पापच.

जेलरोड

तो आक्षेप जुन्या पिढीच्या क्लास डीला लागू होता, आणि खराच होता. आउटपुटला कॉइल-कपॅसिटरचं फिल्टर असतं. जुन्या डिझाइनमध्ये फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटचा परत आत घेतलेला नमुना) फिल्टरच्या आधीच घ्यायचे, त्यामुळे ८ ओहमला वरचा आवाज एक आणि ४ ओहमला दुसराच. नव्या डिझाइनमध्ये फीडबॅक फिल्टरच्या नंतर घेतात. स्पीकर कितीही ओहमचा असो, कानाला लागेल असा फरक उरत नाही. वाळू बहुधा तुम्ही ऐकलेल्या मॉड्यूलमध्ये असेल, क्लास डीमध्ये नाही.

वीजबिल

क्लास एवाल्यांना माझा एक घरगुती प्रश्न. ५० वॉटचा स्टीरिओ क्लास ए ॲम्प काही न वाजवता नुसता बसला तरी ३०० वॉटच्या आसपास खातो. रोज चार तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. त्यावर मे महिन्यात इंदूरात पारा बेचाळीसला. म्हणजे खोलीत हीटर लावायचा आणि तो थंड करायला एसी. शब-ए-मालवा (माळव्यातली थंडगार रात्र) वगैरे कवितेत ठीक, आमच्या स्नेहलतागंजात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात.

शिवाय ज्या क्लास एसाठी एवढं करायचं, तो ४ ओहमला अर्धाच उरतो. ८ ओहमला ५० वॉटपर्यंत क्लास एमध्ये चालणारा पुशपुल ॲम्प त्याच बायसवर (काही न वाजवता वाहणाऱ्या करंटवर) ४ ओहमला २५ वॉटनंतर एबीमध्येच जातो. हे दुकानात कोणी सांगत नाही.

आणि मुख्य म्हणजे सुदामानगरची ती जोडी मी ऐकली आहे. या फळ्या पुढे जेवढा आवाज टाकतात तेवढाच मागेही टाकतात. निदान तीन फूट भिंतीपासून लांब हव्यात. तिथे त्या भिंतीला चिकटून, आणि एकीच्या अर्ध्या अंगापुढे दिवाण. ॲम्पवर लाख खर्च करण्याआधी दिवाण सरकवा.

ओहम_शांती

+१. आणि ज्यांच्या घरी हे स्पीकर आहेत त्यांनी अंदाज बांधण्यापेक्षा मोजावं. साधा मल्टिमीटर पुरतो, महाराणी रोडवर कुठल्याही दुकानात मिळेल. तुमचं सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं लावा, व्हॉल्यूम जास्तीत जास्त जिथे नेता तिथे ठेवा. मग नॉबला हात न लावता ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा. पुन्हा चालू करून २०० हर्ट्झचा उणे १२ डेसिबलचा टेस्ट टोन वाजवा आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेजची चौपट, म्हणून आलेल्या आकड्याला चारने गुणा. तुमच्या ऐकण्यात त्याहून जास्त व्होल्टेज कधी लागणारच नाही. त्या आकड्याचा वर्ग भागिले ओहम, की आले तुमचे वॉट.

नाना रामबागकर

थांबा, एक इशारा. हा प्रयोग फक्त ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर काढून चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. माझ्या नादाने कोणी व्हॉल्व्ह घेतला आणि ओहमरावांच्या नादाने जाळला, असं व्हायला नको.

अतिविलंबित

नमस्कार मंडळी. ते बदनाम स्पीकर माझेच. दुपारी ओहम_शांती यांची कृती केली.

माझ्या रात्रीच्या ऐकण्याला, म्हणजे ख्याल आणि थोडी नाट्यगीतं, मीटरवर २.९ व्होल्ट आले. चौपट ११.६. वॉट साधारण ३४. ओहमरावांच्या कागदी बत्तिसाच्या इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग चिरंजिवांना विचारलं की बाबा तू नॉब कुठवर नेतोस. त्यांनी दाखवलं. तिथे ७ व्होल्ट आले. चौपट २८, म्हणजे १९६ वॉट. आणि 'टक्' होतं ते त्यांच्या ढोलताशाच्या वेळीच. माझ्या गाण्याला आजवर एकदाही रिले पडलेला नाही. पट्टीच्या ट्वीटरचा फ्यूज एकदा उडाला होता, तोही त्यांच्याच मैफिलीत.

टोरॉइडवाला

१९६! मी पहिल्याच पोस्टमध्ये २०० म्हटलं होतं. आता नानांनी ईएल-३४ वर ढोलताशा वाजवून दाखवावा.

ओहम_शांती

२०० हा आकडा तुमचा बरोबर. फक्त तो अँपिअरमुळे आला नाही, नॉबमुळे आला. २८ व्होल्टला ४ ओहमच्या स्पीकरने ओढले सातच अँपिअर, अगदी शिखराला दहा. साठ नव्हे.

अतिविलंबित, फ्यूज उडाला ती रिबनची पुण्याईच समजा. ॲम्प दमला की लाटेचे माथे कापले जातात, आणि त्या कापलेल्या माथ्यांतली ऊर्जा वरच्या सुरांत, म्हणजे थेट ट्वीटरमध्ये जाते. म्हणून छोटा ॲम्प पिळण्यापेक्षा मोठा ॲम्प आरामात चालवलेला रिबनला मानवतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा मात्र घालू नका. वायर गुंडाळून तर अजिबातच नको.

नाना रामबागकर

ढोलताशा स्पीकरवर ऐकायचाच कशाला? अनंत चतुर्दशीला राजवाड्यावर जा की. घरात मी व्हॉल्व्हच म्हणणार.

जेलरोड

अतिविलंबित काका, माझ्याकडे एनकोरचा ॲम्प आहे. रविवारी घेऊन येतो. तुमचा झुमरा आणि चिरंजिवांचा ढोल, दोन्ही वाजवू. टोरॉइडवाले, तुम्हीही तुमचा वजनदार आणा. दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करायचा आणि कुठला चालू आहे ते कोणाला सांगायचं नाही. मग वाळू कुठे लागते ते सांगा.

टोरॉइडवाला

आणतो. खालून वर न्यायला मदत लागेल, दुसरा मजला आहे.

वीजबिल

मी पण येते. दिवाण सरकवला का?

अतिविलंबित

नाही अजून. त्यावर आईचं अंथरूण असतं. बोलून बघतो.