'नैसर्गिक भाषा संशोधन' ही न्यूरल नेटवर्कची 'शाखा' म्हणावी का?

प्रश्न : एका लेखाचं मराठी करतेय, त्यात नैसर्गिक भाषा संशोधन (संगणकाला माणसांची भाषा हाताळायला लावण्याचं काम) आणि न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) यांचं नातं सांगायचंय. "नैसर्गिक भाषा संशोधन ही न्यूरल नेटवर्कची एक शाखा" असं लिहिलं तर चालेल का? आणि 'नैसर्गिक'ऐवजी 'मानवी' बरं नाही का वाटत?

प्रतिसाद : 'नैसर्गिक'च ठेवा ताई. तो शब्द पायथन, सी अशा मुद्दाम रचलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपासून वेगळेपण दाखवायला आलाय, 'मानवी' म्हटलं तर ते जातं कारण पायथनही माणसानेच केलीये. पण 'शाखा' अजिबात नको. भाषेवरचं काम नेटवर्कमधून फुटलेलं नाही, १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमनी रशियन वाक्यांचं इंग्रजी करून दाखवलं ते शब्दकोश आणि हाताने लिहिलेल्या नियमांवर, न्यूरल नेटवर्क त्यात कुठे नव्हतंच.

दुसरा वाचक : पण आता सगळं नेटवर्कवरच चालतं ना, मग शाखा म्हटलं तर बिघडलं काय?

प्रतिसाद : बिघडतं, कारण नेटवर्कवाल्यांनी भाषेकडून घेतलंय खूप. १९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी नेटवर्कला इंग्रजी क्रियापदांचे भूतकाळ शिकवले, १९८८ मध्ये पिंकर आणि प्रिन्सनी त्यावर सडकून टीका केली आणि नियमांशिवाय भाषा येते का हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. १९९० मध्ये एल्मननी छोट्याशा नेटवर्कला फक्त पुढचा शब्द ओळखायला लावलं तर कोणी न सांगता त्याच्या आत नामं एकीकडे आणि क्रियापदं एकीकडे जमली, मला हे आजही विलक्षण वाटतं, आजची मोठी मॉडेलंही मुळात पुढचा शब्द ओळखतच शिकतात. आणि अटेन्शन घ्या. लांब वाक्याचं भाषांतर करताना सगळं वाक्य आकड्यांच्या एकाच ठरावीक लांबीच्या यादीत कोंबावं लागायचं, त्यात अर्थ सांडायचा, म्हणून २०१४ मध्ये बाहदानाऊ, चो आणि बेंजिओनी प्रत्येक शब्द लिहिताना मूळ वाक्यातल्या हव्या त्या शब्दांकडे परत बघायची सोय केली, तेच अटेन्शन. त्यातूनच २०१७ चा ट्रान्सफॉर्मर हा नेटवर्कचा प्रकार आला, तोही मुख्यतः भाषांतरावर तपासलेला, आणि आता चित्रं ओळखायलाही तो वापरतात.

प्रश्नकर्ती : मग 'शाखा' काढते. 'कार्यक्षेत्र' लिहू?

प्रतिसाद : त्यात एकच बाजू येते. "दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले" असं सरळ लिहा. आणि अटेन्शनला 'अवधान' करा, 'लक्ष' नको, आकड्यांच्या लेखात लाखाशी गोंधळ होतो.