अनरियलमध्ये राखणदाराची शॉर्ट फिल्म करायचीय, ४ जीबीच्या ग्राफिक कार्डावर जमेल का?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी देवगडचा, घरची कलमं आहेत त्यामुळे आंब्याचा सीझन संपला की पावसाळाभर हाताशी वेळ असतो आणि गेल्या पावसापासून मी अनरियल इंजिन, म्हणजे थ्रीडी सीन उभे करायचं सॉफ्टवेअर, शिकतोय. आजोबांची एक गोष्ट आहे तिची पाच मिनिटांची फिल्म करायचीय. ते तरुण असताना रात्री खाडीवरनं मासे घेऊन मेरेवरनं, म्हणजे शेताच्या बांधावरनं, घरी येत होते, वाटेत वाऱ्याने कंदील विझला, आणि मग पुढे कोणीतरी घुंगुरकाठी (घुंगरं बांधलेली काठी) आपटत चालल्याचा आवाज यायला लागला तो थेट आमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत. घरी पोचल्यावर आवाज बंद. राखणदाराने, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाने, सोबत केली असं ते शेवटपर्यंत सांगायचे. आजोबा आता नाहीत पण त्यांच्या तोंडून ही गोष्ट फोनवर रेकॉर्ड केलेली आहे, दोन मिनिटांची.

लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, आरटीएक्स ३०५० कार्ड, त्यात ४ जीबी मेमरी. मी आजोबांसाठी मेटाह्युमन (अनरियलचं तयार डिजिटल माणूस) घेतला, राखणदारासाठी दुसरा घेतला, माडांचं बन उभं केलं, आणि आता सीन उघडला की "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" येऊन सगळं बंद पडतं. एका ऑनलाइन क्लासला पैसेही भरले होते, त्यांनी दोन महिने कुठलं बटण कुठे आहे एवढंच शिकवलं. आता नवीन लॅपटॉपसाठी कर्ज काढू, का ब्लेंडर ह्या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरकडे जाऊ, का नाद सोडू? खरंच मनापासून करायचंय हे.

कुडाळ_थ्रीडी:
कर्ज अजिबात काढू नकोस रे. तुझ्या कार्डाची मेमरी बहुतेक त्या दोन मेटाह्युमननीच खाल्लीय, त्यांचा एकेक केस सुटा बनवलेला असतो आणि चेहऱ्याचे टेक्स्चर, म्हणजे वरनं चिकटवलेली चित्रं, मोठमोठे, ४ जीबीत दोघं बसणारच नाहीत. आधी ते काढ. मग एडिटरची स्केलेबिलिटी, म्हणजे चित्राची क्वालिटी, मीडियमवर ठेव, काम करताना ल्युमेन (परावर्तित उजेडाचा हिशोब करणारी सोय) बंद ठेवलंस तरी चालतं, फायनलला चालू करायचं. टेक्स्चर २के च्या वर नको. इंजिनचं नवीन व्हर्जन टाकताना ऑप्शन्समधनं अँड्रॉइड, आयओएस आणि डिबगिंग सिंबल्स काढून टाक, गावच्या नेटवर तेवढे जीबी उगाच कशाला ओढायचे.

आणि एक हिशोब आधी कर. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, २४ फ्रेमने ७२०० फ्रेम. एका फ्रेमला २० सेकंद धरले तरी ४० तास रेंडर, म्हणजे सीनची पक्की चित्रं काढायला, आणि ते सगळं एकदाच बरोबर आलं तर. तेच ३० सेकंदांचे होतात ४ तास. म्हणून आधी फक्त कंदील विझतो तेवढाच शॉट कर, पूर्ण, आवाजासकट. रेंडर अनरियलच्याच 'मूव्ही रेंडर क्यू'मधनं काढ आणि व्हिडिओ फाइल न काढता पीएनजीचे सुटे फ्रेम काढ, कारण पावसात लाइट जाणार हे आपल्याकडे ठरलेलंच. व्हिडिओ काढत असशील तर सगळं जाईल, सुटे फ्रेम असतील तर जिथे थांबलं तिथनं पुढे चालू करता येतं. मी हे दोन पावसाळे रडून शिकलोय.

लायसनची चिंता करू नकोस. वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमाई असेल तर फिल्मसाठी अनरियल फुकटच आहे.

वेंगुर्लेकर:
ब्लेंडरचं विचारलंस म्हणून सांगतो. २०२५ ला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालेली ती लॅटव्हियाची 'फ्लो' ब्लेंडरमध्येच केलेली आहे आणि तिचं रेंडरिंग ईव्हीचं, म्हणजे ब्लेंडरचं जे रिअल टाइम रेंडर आहे त्याचं. तिच्या दिग्दर्शकाने त्याआधी २०१९ ला एक अख्खी लांब फिल्म एकट्याने केली होती. म्हणजे सॉफ्टवेअर फुकटचं आणि माणूस एकटा असला म्हणून काही अडत नाही. तरी तू वर्षभर अनरियल शिकलायस तर सोडू नकोस, ब्लेंडर कंदील, काठी, होडी असलं मॉडेलिंग करायला वापर आणि प्रकाश अनरियलमध्ये कर.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच आहे. राखणदार दाखवू नकोस!! आजोबांनी तरी त्याला कुठे बघितला, त्यांनी आवाज ऐकला. आमच्याकडे आरवलीच्या वेतोबाला केवढ्या मोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात बघ, आणि देव रात्री त्या घालून फिरतो म्हणून त्या झिजतात असं लोक मानतात. लहानपणी मी त्या वहाणांकडे बघत उभा राहायचो, देव कसा दिसतो हा प्रश्नच पडायचा नाही, एवढ्या वहाणा घालणारा केवढा असेल एवढंच मनात यायचं. तुझ्या फिल्ममध्ये चिखलात उमटत जाणारी एकेक वहाण दाखव, काठीचं टोक टेकलं की डबक्यातलं पाणी हललेलं दाखव. त्याला डेकल (जमिनीवर ठशासारखं उमटवलेलं चित्र) आणि एक लहानसा मटेरियलचा, म्हणजे पृष्ठभागाच्या रंग-चमकेचा, खेळ पुरतो, कॅरेक्टर लागतच नाही. एक मेटाह्युमन असा गेला.

रत्नागिरीची_मास्तरीण:
वेंगुर्लेकर दादांशी शंभर टक्के सहमत. आणि आजोबाही पाठमोरे ठेव बाळा, डोक्यावर इरलं, हातात कंदील. चेहरा नसला की चेहऱ्याचं ॲनिमेशन नाही. कोकणातला माणूस इरल्यात पाठमोरा चालताना कोणीही ओळखतो.

मी शाळेत मुलांना स्टॉप मोशन शिकवते त्यावरनं एक सांगते. आजोबांचं चालणं ॲनिमेट करण्याआधी स्वतः चालून फोनवर शूट कर, हातात खरा कंदील घेऊन. मुलांना मी पाण्याची कळशी देते. बघशील तर कंदील धरलेला हात जवळजवळ हलत नाही, दुसराच हात हलतो, आणि पाऊल थांबल्यावरसुद्धा कंदील एक-दोन झोके घेऊन मग थांबतो. तो उशिराचा झोका घातलास की वजन आल्यासारखं वाटतं, नाहीतर कंदील हाताला चिकटवल्यासारखा दिसतो.

सगळ्यात आधी आजोबांचा आवाज सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे अनरियलच्या टाइमलाइनवर, टाक. फोनची एमफोरए फाइल अनरियल घेत नाही, वेव्ह करून घे. मग त्यांच्या बोलण्यावर शॉट कापत जा. ते जिथे थांबून श्वास घेतात तिथे तूही थांब. दोन मिनिटांची गोष्ट असेल तर फिल्मही दोन मिनिटांचीच असू दे, पाचचा हट्ट कशाला?

कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघून ये, जमलं तर नक्की. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती ह्याच कलांसाठी. पडद्यामागे एक दिवा आणि सावली, एवढ्यावर रात्र उभी करतात ती माणसं.

खाडीकाठचा:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण करत बसलो होतो. दोन्ही मेटाह्युमन काढले, सीन आता नीट उघडतो. आमच्या बेड्याजवळचा जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) फोनने स्कॅन केला, म्हणजे फोटोंवरनं थ्रीडी मॉडेल, ७४ फोटो, मळभ असलेल्या दिवशी म्हणजे सावल्या पडल्या नाहीत. पहिल्यांदा पाऊस पडून गेल्यावर काढले होते तर ओला चिरा चमकतो त्यामुळे मॉडेल सगळं वेडंवाकडं आलं, मग उघडीप मिळाल्यावर सुका काढला आणि ओलेपणा मटेरियलमध्ये आणला, रंग थोडा काळपट आणि रफनेस (खरखरीतपणा) कमी. जांभ्याची ती भोकं आहेत ना, त्यात कंदिलाचा उजेड आडवा पडला की प्रत्येक भोकाची इवलीशी सावली हलते. मी अर्धा तास नुसता कंदील मागे-पुढे करून तेच बघत होतो.

२० सेकंदांचा शॉट, ४८० फ्रेम. ३११ व्या फ्रेमला लाइट गेली, म्हणून ३१२ पासून पुन्हा चालू केलं. पण आता दोन अडचणी आहेत. जोड आहे तिथे उजेड एकदम उडी मारतो. आणि कंदील विझला की दोन सेकंदांनी सगळी रात्रच आपोआप उजळत जाते, काळोख राहतच नाही.

कुडाळ_थ्रीडी:
भारी काम!! दोन्हीवर उपाय सोपा आहे. रात्र उजळते ती ऑटो एक्स्पोजरमुळे, आपले डोळे काळोखाला सरावतात तसं इंजिन करतं. पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूममध्ये, जिथे अख्ख्या चित्राची सेटिंगं असतात तिथे, एक्स्पोजरचं मिनिमम आणि मॅक्सिमम एकच ठेव, काळोख जागेवर राहील. कंदिलाच्या लाइटला टेंपरेचर १९०० केल्विनच्या आसपास दे, आणि चांदणं अगदी थोडं असू दे, नाहीतर माडाची कडसुद्धा दिसणार नाही.

उडी येते कारण ल्युमेनचा उजेड मागच्या फ्रेमवरनं पुढे साठत येतो, आणि मध्येच चालू केलं की त्याच्याकडे मागचं काहीच नसतं. रेंडर क्यूमध्ये अँटी एलियासिंगच्या सेटिंगात वॉर्म अप फ्रेम असतात, म्हणजे खऱ्या फ्रेमआधी उजेड साठवायला चालवलेल्या, त्या वाढव. आणि ३१२ पासून न घेता ३०० पासून घे, जुने बारा फ्रेम वरनं पुसले जाऊ देत. इन्व्हर्टर असेल तर लॅपटॉप त्यावर लावून रात्रीच रेंडरला सोड.

खाडीकाठचा:
झालं दादा, जोड कळतच नाही आता. घुंगरांसाठी शेजारच्या काकांनी त्यांची जुनी घुंगुरकाठी दिलीय, उद्या पहाटे पाऊस नसेल तर मेरेवर जाऊन आवाज घेतो.